शहर शिवेवर आलं की आराखड्यात गावाचं म्हणणं कसं उतरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाव महापालिकेच्या हद्दीत गेलं, ग्रामपंचायत बरखास्त झाली, आता विकास आराखडा होणार आहे. त्यात गावाचं म्हणणं यावं म्हणून हरकती गोळा करायला कधी सुरुवात करायची? विचारणारे गृहस्थ माजी ग्रामपंचायत सदस्य आहेत आणि त्यांचं गाव पुण्याच्या कडेला आहे, म्हणून उदाहरणंही बहुतेक तिकडचीच देतो. माझी सगळी नोकरी नगररचनेत गेली. निवृत्तीनंतर गावोगावच्या समित्यांबरोबर नकाशे घेऊन बसतो, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

माझं उत्तर: हरकतींची वाट पाहू नका. हरकत नोंदवायची वेळ येते तेव्हा रस्त्यांच्या रेघा मारून झालेल्या असतात, आरक्षणं, म्हणजे शाळा-बागा अशा सुविधांसाठी राखलेल्या जागा, टाकून झालेली असतात. तिथून पुढे जो तो आपल्या जमिनीच्या गटावरची रेघ शेजाऱ्याच्या गटावर ढकलण्याच्या मागे असतो. त्याला गावाचं म्हणणं म्हणता येत नाही.

आधी हिशेबच करून पाहू. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. सुनावणी घेणारी नियोजन समिती सात जणांची: तीन महापालिकेचे, चार शासनाने नेमलेले. एका हरकतीला फक्त पाच मिनिटं दिली आणि समिती रोज आठ तास बसली, तरी नऊशे दिवस लागतील. इतका वेळ कुणाकडे नसतो. मग हरकतींचे गठ्ठे होतात, एका मजकुराच्या हरकती एकत्र ऐकल्या जातात, माणूस आत जातो, दोन वाक्यं बोलतो, सही करतो आणि बाहेर येतो. तो आराखडा पुढे शासनाने महापालिकेकडून काढून घेतला आणि त्याला २०१७ च्या सुरुवातीला मंजुरी मिळाली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या आराखड्याचं तर आणखीच विचित्र झालं. २०२१ साली तो प्रसिद्ध झाला, आठशेहून जास्त गावं त्यात होती, हरकती साठ हजारांच्या वर गेल्या, सुनावण्या झाल्या, आणि शेवटी शासनाने तो आराखडाच रद्द केला. लोकांनी भाग घेतला नाही असं या दोन्ही ठिकाणी कुणी म्हणू शकणार नाही. भाग घेतला तो अशा टप्प्यावर, जिथे फक्त नाही म्हणता येतं.

कायद्यातला क्रम माहीत असेल तर आधीची जागा सापडते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. मग कलम २५ खाली विद्यमान भूवापर नकाशा तयार होतो, ज्याला कचेरीत सगळे ईएलयू म्हणतात. कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होतं, कलम २८ खाली सुनावणी, आणि कलम ३१ खाली शासनाची मंजुरी. वर्तमानपत्रात बातमी येते ती २६ ची. गावाने जागं व्हायचं ते २३ ला. इरादा जाहीर झाला की सूचना मागवलेल्या असतात, आणि त्या सूचनांच्या फायलीत बहुतेक वेळा एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच कागद असतात. तिथे एक नीट नकाशा जोडलेला अर्ज पडला तर नगररचना अधिकारी तो वाचतो. सद्भावनेपोटी वाचतो असं नाही, त्याचं काम सोपं होतं म्हणून वाचतो.

ईएलयू हा आराखड्याचा पाया. आज जमिनीवर काय आहे तेच चुकीचं नोंदलं गेलं तर उद्याची प्रत्येक रेघ चुकते. आता ड्रोन आले, उपग्रहाची चित्रं आली, त्यामुळे छपरं दिसतात. पण छपराखाली काय चालतं ते दिसत नाही. उन्हाळ्यात कोरडा पडलेला ओढा वरून पडीक जमिनीसारखाच दिसतो. मळ्यातली पाणंद झाडांखाली लपते. आठवडे बाजार भरतो ती जागा आठवड्यातले सहा दिवस रिकामी असते, जत्रेचं मैदान वर्षातले तीनशे साठ दिवस. सर्वेक्षण करणाऱ्या मुलांना हे कुणी सांगितलंच नाही तर ती जागा नकाशावर ‘मोकळी’ म्हणून येते, आणि मोकळ्या जागेवर आरक्षण पडणार हे ठरलेलं.

ओढ्यांचं तर विशेष सांगतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज-आंबील ओढ्याच्या काठाला पुराने जे झालं ते पुण्यात कुणी विसरलेलं नाही. शहराच्या कडेच्या गावांत असे ओढे डझनावारी आहेत आणि त्यांतले बरेचसे प्लॉटिंगवाल्यांनी नळ्या टाकून बुजवलेत. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढा. त्यावर ओढ्याची रुंदी दाखवलेली असते. ती आजच्या उपग्रह चित्रावर बसवा आणि गावातल्या दोन-तीन जाणत्या माणसांना घेऊन ओढ्याच्या उगमापासून नदीपर्यंत चाला. पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्यांच्या तोंडपाठ असतं. अमक्याच्या गोठ्याची पायरी, तमक्या देवळाचा ओटा अशा खुणा नकाशावर उतरवा आणि खाली त्या माणसांच्या सह्या घ्या. हा कागद पुढे सुनावणीत, आणि वेळ पडली तर न्यायालयातही, भाषणापेक्षा फार जड पडतो.

दुसरी गोष्ट गुंठेवारीची. कडेच्या प्रत्येक गावात गुंठा-दोन गुंठ्यांत बांधलेली घरं आहेत. गुंठेवारीचा २००१ चा कायदा आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या घरांपुरता होता, पुढे दुरुस्ती होऊन ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. तरी अनेक घरं नियमित झालेली नाहीत. कागदावर जमीन मूळ मालकाची, ताबा चाळीस कुटुंबांचा, हातात नोटरी केलेला करारनामा. ही वस्ती ईएलयूवर आली नाही तर त्यावरून रस्ता जातो आणि रस्ता जाहीर झाल्यावर ओरड होते. गावकीला या वस्तीबद्दल फारसं प्रेम नसतं हे मला ठाऊक आहे. तरीही ती नकाशावर आणा. नाही आणलीत तर तो रस्ता पुढची वीस वर्षं अर्ध्यावर अडकून पडेल आणि गावालाच वापरता येणार नाही.

कचेरीतून एक आक्षेप नेहमी येतो: प्रसिद्धीपूर्वी लोकांना काही दाखवलं तर जमिनीचे व्यवहार सुरू होतील, म्हणून आराखडा गुप्त ठेवायचा. तत्त्व म्हणून हे चूक नाही. प्रत्यक्षात मात्र गुप्तता गावापासून पाळली जाते, बिल्डरपासून नाही. आराखडा फुटतो, कुठल्या गटात पिवळा, म्हणजे रहिवासाचा, रंग येणार हे काही जणांना आधी कळतं, आणि शेतकऱ्याकडून शेतजमिनीच्या भावाने जमीन घेतली जाते. म्हणून गावाने भूवापराचा नकाशा, ओढे, पाणंदी, पाण्याचे स्रोत आणि रस्त्यांची गरज हे सगळं आधीच उघडपणे मांडावं. उघड मांडलेल्या गोष्टीला बाजारात भाव येत नाही.

आता खरा विषय. लोकसहभाग म्हटला की मागण्यांच्या याद्या तयार होतात. शाळा, दवाखाना, बाग, क्रीडांगण, पाण्याची टाकी, रुंद रस्ता. यादीला कुणाचाच विरोध नसतो, कारण या सगळ्याला जमीन कुणाची जाणार हे यादीत लिहिलेलं नसतं. अठरा मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता म्हणजे १.८ हेक्टर, जवळजवळ साडेचार एकर. तो कुणाच्या तरी सातबाऱ्यातून जातो. विस्ताराच्या आराखड्यात लोकांचं मत घ्यायचं ते याच गोष्टीवर: भार कुणी किती उचलायचा. बाकी सगळं त्यामानाने सोपं आहे.

नेहमीच्या आराखड्यात हा भार लॉटरीसारखा पडतो. रस्त्यालगतच्या पाटलाच्या पाच एकरांवर काहीच नाही, मागच्या गड्याच्या दीड एकरावर पूर्ण क्रीडांगण. पहिल्याची जमीन सोन्याची होते, दुसऱ्याची ना विकता येते ना बांधता येते. मंजुरीनंतर दहा वर्षांत संपादन झालं नाही तर कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते, त्यानंतर प्राधिकरणाला २४ महिने मिळतात, आणि तेवढ्यात काही झालं नाही तर आरक्षण जातं. दीड एकरवाल्याचं बारा वर्षांचं नुकसान, आणि गावाला क्रीडांगणही नाही. हे होणार हे माहीत असल्यामुळे तो माणूस सभेत येऊन सार्वजनिक हिताबद्दल शांतपणे बोलेल अशी अपेक्षाच करू नये.

भार सारखा वाटायची पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे: नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली भांबुर्ड्याची योजना झाली, आज आपण त्याला शिवाजीनगर म्हणतो. मुंबईत वांद्र्याची झाली. ठरावीक क्षेत्रातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळांसाठी प्रत्येकाकडून ठरलेला वाटा काढायचा, आणि उरलेला चौकोनी, रस्त्याला लागून असलेला अंतिम भूखंड ज्याचा त्याला परत द्यायचा. मालक जागच्या जागी राहतो, जमीन कमी होते पण तिची किंमत वाढते. वाढीव किमतीच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेऊन सुविधांचा खर्च काढायची तरतूदही कायद्यात आहे. १९६६ चा कायदा आल्यानंतर आपण ही पद्धत जवळजवळ विसरलो. गुजरातने सोडली नाही. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा रिंग रोड झाला त्यात या योजनांचा मोठा हात आहे. आता आपल्याकडेही परत सुरुवात झाली आहे. हिंजवडीशेजारी म्हाळुंगे-माणची सुमारे २५० हेक्टरची योजना आहे, फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या योजना आहेत, रायगडात सिडकोचं नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावाखालचं क्षेत्र, आहे.

टीपी स्कीममध्ये सभेतली भाषा बदलते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. प्रत्येकाकडून सारखाच वाटा जाणार हे एकदा कळलं की ‘माझ्याकडे नको’ संपतं आणि ‘बाग इथे ठेवली तर आमच्या भूखंडांना बरी पडेल का’ असं बोलणं सुरू होतं. आपल्या हिताचं बोलता बोलताच माणूस आराखडा सुधारायला लागतो.

पण टक्का किती, तिथेच सगळं अडतं, आणि नैना हे त्याचं शिकण्यासारखं उदाहरण. तिथे आधी ऐच्छिक योजना होती: शेतकऱ्यांनी एकत्र यावं, ४० टक्के जमीन सिडकोला द्यावी, ६० टक्के स्वतःकडे ठेवावी. नंतर टीपी स्कीम आली आणि मालकाला परत मिळणार ४० टक्के, त्यावर अडीच एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या अडीच पट बांधकाम. नियोजनकार सांगतात, ४० टक्के गुणिले अडीच म्हणजे एक. मूळ पूर्ण जमिनीवर एक एफएसआय मिळाला असता तेवढंच बांधकाम मिळतंय, नुकसान कुठे आहे? गणित बरोबर आहे. पण शेतकरी बिल्डर नसतो. त्याला एफएसआय वापरायला भांडवल लागतं, नाहीतर तो विकावा लागतो आणि विकताना भाव दुसरा ठरवतो. त्याच्या डोळ्यांपुढे राहतं ते एवढंच, की साठाचे चाळीस झाले. शिवाय तिथल्या लोकांची आठवण जुनी आहे. नवी मुंबईसाठी संपादन झालं तेव्हा मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तरीही गावठाणाची हद्द वेळेवर वाढवली नाही म्हणून ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ हा प्रश्न पुढे अनेक वर्षं चिघळत राहिला. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, घर बांधायला जागा कुठे? तुमच्या गावाच्या मागण्यांत गावठाणविस्तार सगळ्यात वर असला पाहिजे तो यासाठी. बागेच्याही वर.

उलट टोकाचं उदाहरण हडपसरचं मगरपट्टा. साधारण १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढून नगर वसवलं, आणि जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाला हिस्सा दिला. शेतकरी जमीन विकून बाजूला झाला नाही, मालक म्हणून राहिला. पुढे नांदेड सिटीत हेच सुमारे सातशे एकरांवर झालं. माझ्याकडे येणारा प्रत्येक गाव विचारतो, आम्हाला मगरपट्टा करता येईल का? मी विचारतो, तुमच्याकडे एक भावकी आहे का, सगळे ज्याचं ऐकतील असा माणूस आहे का, आणि सातबारे साफ आहेत का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर जरूर करा. बहुतेक गावांत तिसऱ्या प्रश्नालाच गाडी थांबते. वारसनोंदी राहिलेल्या, बहिणींची नावं लावायची राहिलेली, कुळाचा वाद तिसऱ्या पिढीत. लोकसहभागाची पहिली सभा भरवण्याआधी वारसनोंदींचं शिबिर भरवा असं मी सांगतो तेव्हा लोकांना गंमत वाटते. पण ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही त्याला योजनेत भूखंड नाही, आणि ज्याला भूखंड नाही तो योजना अडवतो.

यातूनच प्रश्न येतो, लोक म्हणजे कोण? टीपी स्कीमच्या नियमांत प्रारूप करण्याआधी मालकांची बैठक घेणं बंधनकारक आहे, तात्पुरते प्रस्ताव समजावून त्यांचं मत घ्यायचं असतं. तरतूद चांगली आहे, पण ती मालकांपुरती. भाड्याच्या खोलीत राहणारा कंपनीतला कामगार, वीटभट्टीवरचं कुटुंब, गुंठेवाला, सोसायटीत फ्लॅट घेतलेला, आणि जिचं नाव कुठेच लावलेलं नाही ती घरातली बाई, या बैठकीत यांपैकी कुणालाही खुर्ची नाही. आणि पाण्याचा टँकर कुठे थांबतो, रात्री कुठल्या रस्त्याला दिवा नाही, अंगणवाडीला जाताना महामार्ग कुठून ओलांडावा लागतो, हे त्यांनाच माहीत असतं.

शहरवाले आणि गाववाले यांच्यातला पेच पुण्यात एकदा फार स्पष्ट दिसला. १९९७ साली २३ गावं हद्दीत आली. त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण पडलं, सुमारे ९७८ हेक्टर. पुण्यातल्या नागरिकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०१५ साली ते मंजूर झालं. टेकड्या वाचल्या पाहिजेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण टेकडीचा सातबारा ज्यांच्या नावावर, त्यांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला गेला, आणि एवढ्यावर जमीन द्यायला फारसं कुणी पुढे आलं नाही. परिणाम काय, तर कागदावर उद्यान आणि पायथ्याशी हळूहळू वर चढणारी बांधकामं. ज्यांना टेकडी हवी ते किंमत मोजत नव्हते, आणि ज्यांच्याकडून किंमत वसूल होत होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दोघांना एका खोलीत बसवून मोबदल्याचा आकडा काढला असता तर बरंच काही वेगळं झालं असतं असं मला वाटतं.

म्हणून सभा कशा घ्यायच्या ते सांगतो. एकच मोठी सभा घेऊ नका. चावडीवरच्या मोठ्या सभेत चारच माणसं बोलतात आणि ती कोण हे तुम्हालाही माहीत आहे. गावठाणात एक घ्या, प्रत्येक वाडी-मळ्यात एक, सोसायट्यांसाठी रविवारी सकाळी, कामगार वस्तीत रात्री जेवणानंतर, आणि बायकांची वेगळी, दुपारी. प्रत्येक ठिकाणी एकच मोठा छापील नकाशा, गट नंबर स्पष्ट दिसतील असा. ‘तुम्हाला काय हवं’ असं विचारू नका, निवड समोर ठेवा. ओढ्याकाठी रस्ता हवा की दोन्हीकडे मोकळी पट्टी? दोन्हीला जमीन लागेल, ती या सात गटांतून जाईल. बाजाराला गावाच्या मध्यावर एक एकर की शिवेवर तीन एकर? गावठाणातली गल्ली रुंद करायची का? इथे एक तांत्रिक गोष्ट लोकांना आधीच सांगा. आजच्या नियमावलीत जादा एफएसआय रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला आहे, नऊ मीटरांपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही. म्हणजे गल्ली तशीच ठेवली तर घराचा तोंडवळा टिकतो, पण पुनर्बांधणी मर्यादित राहते. हे न सांगता मत घेतलं तर त्या मताला अर्थ नाही.

सगळ्या सभांचे नकाशे शेजारी शेजारी लावा. जिथे सगळ्यांचं जुळतं तिथे गावाचा ठराव करा. जिथे जुळत नाही तिथे मतभेद आहे असंच लिहा, दोन्ही बाजू लिहा. मतभेद झाकलेला ठराव कचेरीत लगेच ओळखू येतो, कारण आठवड्याभरात त्याच गावातून उलटा अर्ज आलेला असतो.

ठराव कुणी करायचा ही अडचण आहेच. ग्रामपंचायत गेली म्हणजे ग्रामसभा गेली. पुण्यात ३० जून २०२१ ला आणखी २३ गावं आली आणि महापालिका क्षेत्रफळाने मुंबईपेक्षा मोठी झाली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आला. म्हणजे या गावांत बराच काळ ना सरपंच होता ना नगरसेवक, आणि त्याच काळात त्यांच्या भविष्यातला आराखडा चर्चेत होता. शिवाय त्या गावांचा आराखडा कुणी करायचा, महापालिकेने की प्राधिकरणाने, यावरही वाद. अशा वेळी गावाने स्वतःची समिती करावी, तिची नोंदणी करावी म्हणजे पत्रव्यवहाराला एक नाव राहतं. समितीत किमान दोघं-तिघं असे असावेत की ज्यांची गावात जमीन नाही.

शहराने मुळात या दिशेला वाढावं का, धरणाच्या वरच्या अंगाला वस्ती वाढू द्यायची का, हे प्रश्न एका गावाच्या आवाक्यातले नाहीत. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने त्यासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे लोकप्रतिनिधी आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यामधून निवडायचे असतात. कागदावर ती उत्तम आहे. तिच्याकडून सध्या फार अपेक्षा ठेवू नका, पण तिथे आपल्या भागातून कोण आहे ते माहीत करून घ्या.

एवढं करूनही प्रारूप प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती द्याव्या लागतीलच. त्यात तीन प्रकार मिसळू देऊ नका. वस्तुस्थितीची चूक (विहीर दाखवलेली नाही, परवानगी असलेली इमारत मोकळी दाखवली) ही वेगळी हरकत. सोबत सातबारा, मोजणीचा नकाशा, परवानगीची प्रत, फोटो. अशा हरकती बहुतेक मान्य होतात. आपल्या जमिनीवरच्या आरक्षणाची तक्रार ही दुसरी. आणि गावाच्या वतीने तत्त्वाची हरकत तिसरी: एकच, नकाशासह, सगळ्यांच्या सह्यांची. झेरॉक्स काढून हजार प्रती देण्याचा मोह टाळा. त्या मोजल्या जातात, पण ऐकल्या एकदाच जातात.

आणि सुनावणी संपली म्हणून घरी जाऊ नका. माझ्या अनुभवात आराखड्यातले सगळ्यात मोठे बदल सुनावणी आणि मंजुरी यांच्या मधल्या काळात होतात. प्रसिद्ध झालेला नकाशा, समितीने बदललेला, शासनाला सादर केलेला आणि शासनाने मंजूर केलेला, हे चारही मिळवून गट नंबरागणिक ताडून पाहा. शासनाने सारभूत बदल सुचवले तर ते वगळलेला भाग म्हणून पुन्हा सूचना-हरकतींसाठी जाहीर करावे लागतात. त्या जाहिरातीकडे फारच थोड्यांचं लक्ष असतं, कारण तोवर गाव दमलेलं असतं. मंजुरीनंतर कलम ३७ खाली फेरबदल येत राहतात, बागेचं आरक्षण रहिवासात जातं ते इथून. समितीतल्या एका तरुण माणसाला एवढंच काम द्या: राजपत्र आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना दर आठवड्याला बघणं.

तुमच्या गावापुरतं लगेच करायचं ते असं. महापालिकेत आणि प्राधिकरणात लेखी विचारा की तुमच्या गावासाठी नियोजन प्राधिकरण कोण आहे आणि कलम २३ खालची सूचना निघाली आहे का. भूमी अभिलेखमध्ये गावनकाशाच्या नकलेचा अर्ज टाका, त्याला वेळ लागतो. आणि पावसाळा तोंडावर आला असेल तर ओढ्याची चाल पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, पाण्याची खूण भिंतींवर ताजी असते.